वाळूवरच्या मोहिमेची मसलत

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच पुण्या-मुंबईच्या आणि नाशिक-कोल्हापूरच्या मोटरसायकलस्वारांच्या मंडळांतून जैसलमेरची बोलणी सुरू होतात. लडाख करून झालेले असते, स्पितीही बहुतेकांची पाहून झालेली असते, तेव्हा उरते ती थरची वाळू. आणि जिथे डांबर संपल्यावर चाकाला वाट दाखविणारे काहीही शिल्लक राहत नाही अशा मुलखात जाऊन आपले यंत्र आणि आपले मनगट एकदा कसाला लावून पाहावे, असे पंचविशी-तिशीतल्या माणसाला वाटले तर त्यात वावगे काहीच नाही. ज्या समाजातली तरुण मंडळी सुटीच्या दिवशी केवळ उपाहारगृहांच्या दारांशी रांगा लावून उभी राहतात, त्या समाजाविषयी मला याहून कितीतरी अधिक काळजी वाटते. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते या हौसेची निर्भर्त्सना करण्यासाठी लिहीत नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. माझा आक्षेप आहे तो या सहलींच्या आखणीवर; कारण ज्या तपशिलांवर अशा मोहिमेची सिद्धी आणि माणसांचे हातपाय अवलंबून असतात, नेमके तेच तपशील या आखणीत सर्वांत शेवटी येतात, आणि पुष्कळदा येतच नाहीत.

सामान्यतः होते ते असे. प्रथम तारीख ठरते, तीही नाताळच्या सुटीला लागून. मग व्हॉट्सॲपवर एक गट निघतो, त्यात आठ माणसे म्हणता म्हणता वीस होतात. आणि त्यानंतरचे दोन महिने ‘दादा, हा क्रॅश गार्ड घेऊ की तो?’ या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या रूपांत निघून जातात. जादा दिवे, सामानाच्या पेट्या, हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा, पाठीवर मोहिमेचे नाव छापलेले एकसारखे टी-शर्ट, या सर्वांची तजवीज इतकी चोख होते की पेशव्यांच्या फडावरच्या कारकुनानेही समाधान मानावे. मात्र आपण नेमक्या कोणत्या टेकड्यांवर जाणार, त्या कोणाच्या हद्दीत आहेत, तिथे गाडी नेण्याची मुभा कोणी दिली, सर्वांत पुढे कोण राहील आणि सर्वांत मागे कोण, एखादा पडला आणि त्याची मांडी मोडली तर त्याला कोणत्या गाडीत घालून कोणत्या गावी न्यायचे, या प्रश्नांना त्या दोन महिन्यांत कोणी हात लावलेला नसतो. ‘ते तिथे गेल्यावर बघू’ या एका वाक्यात त्या सर्वांचा निकाल लागलेला असतो.

वाळूत वाहन कसे न्यावे याचे शास्त्र आजचे नाही, आणि ज्याने ते रचले त्याचे उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर अधिकारी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात इजिप्तमध्ये नेमणुकीवर होता, आणि आपल्या रजा त्याने चार मित्र जमवून फोर्ड कंपनीच्या साध्या मोटारी लिबियाच्या वाळवंटात घालण्यात खर्ची टाकल्या. तिथल्या वाळूच्या ज्या अफाट समुद्रात मोटार शिरणे अशक्य असे त्या काळी मानले जाई, त्याच्या टेकड्या तो चढून गेला. परंतु त्यासाठी त्याने अधिक शक्तीचे यंत्र विकत घेतले नाही. त्याने टायरांतली हवा उतरविली, गाडीवरचे ओझे लागेल तेवढेच ठेवले, रुतलेल्या चाकाखाली घालण्यासाठी कैरोच्या भंगारातून पोलादी पन्हळी मिळविल्या, रेडिएटरमधल्या उकळत्या पाण्याची वाफ उडून जाऊ नये म्हणून ती एका डब्यात थंड करून परत घेण्याची सोय केली, आणि लोखंडी गाडीत चुंबकाच्या होकायंत्राचा भरवसा नसतो हे ओळखून सूर्याच्या सावलीवर दिशा सांगणारे यंत्र तयार केले. पुढे १९४० साली युद्धात याच अनुभवाच्या बळावर वाळवंटात दूरवर टेहळणी करणारी लष्करी तुकडी त्याने उभी केली, आणि वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही आज त्या ग्रंथाचा आधार घेतात. या सगळ्या कर्तबगारीत खरेदीचा भाग अगदीच थोडा होता. मोठा भाग होता तो निघण्यापूर्वी केलेल्या विचाराचा, आणि जिथे जायचे त्या वाळूचा स्वभाव आधी समजून घेण्याचा.

वाळूची टेकडी दुरून पाहणाऱ्याला सर्व अंगांनी सारखीच वाटते, पण तिला पुढची आणि मागची अशा दोन निराळ्या बाजू असतात. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू दहा-पंधरा अंशांनी हलकेच चढत जाते, आणि वाऱ्याने कण बसवीत नेल्यामुळे पुष्कळशी घट्टही असते. माथ्यापलीकडची, वाऱ्याच्या आडोशाची बाजू मात्र एकदम तुटून सुमारे ३४ अंशांच्या उताराने खाली जाते, कारण कोरडी वाळू त्याहून अधिक उभी राहूच शकत नाही, आणि ती वाळू इतकी भुसभुशीत असते की पाऊल ठेवताच पोटरीपर्यंत जाते. चढणीवर वेग घेतलेल्या स्वाराला माथा गाठेपर्यंत पलीकडचे काहीच दिसत नाही. त्याने वेग फार ठेवला तर तो कडेवरून हवेत जातो, फार कमी ठेवला तर माथ्याच्या हातभर खाली रुततो. आणि पलीकडे, तो उतरणार त्याच ठिकाणी, आधी गेलेला मित्र पडलेल्या गाडीशी झटत असेल, किंवा पर्यटकांना घेऊन एखादी जीप उलट बाजूने चढत असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. दुपारी बाराच्या सुमारास तर सावलीच पडत नाही, आणि सावली नसली म्हणजे उंचसखलपणाही डोळ्यांना कळत नाही. सारा प्रदेश एकाच फिकट रंगाचा होतो आणि पुरुषभर खोलीचा खड्डा त्यात बेमालूम मिसळून जातो. म्हणून जाणता स्वार भल्या सकाळी, रात्रीच्या गारव्याने आणि दवाने वाळू किंचित आवळलेली असताना टेकडीवर जातो आणि ऊन चढले की गाडी बंद करून सावलीला बसतो. आपल्या मंडळांचा कार्यक्रम नेमका उलटा असतो: सकाळी आळोखेपिळोखे, दुपारी प्रस्थान, आणि छायाचित्रासाठी म्हणून सूर्यास्ताला, म्हणजे सूर्य नेमका डोळ्यांत आणि पर्यटकांची गर्दी नेमकी माथ्यावर असताना, सर्वांची एकदम चढाई.

रुतणे तर ठरलेलेच असते. मागचे चाक जागच्या जागी फिरू लागले की मनुष्यस्वभावाला अनुसरून स्वार मूठ आणखी पिळतो. दोन-तीन सेकंदांत चाक आसापर्यंत खाली जाते, साखळी वाळूत घासू लागते आणि क्लच जळल्याचा वास येतो. अशा वेळी यंत्र आधी बंद करावे आणि खाली उतरावे; गाडी इतकी रुतलेली असते की ती कोणी न धरता तशीच उभी राहते. मग तिला सावकाश एका अंगावर आडवी करावी, चाकाने केलेला खड्डा बुटाने वाळू लोटून पुरता बुजवावा, गाडी पुन्हा उभी करावी, आणि पहिल्या गियरमध्ये, शेजारून चालत, मूठ हलकी ठेवून, तिला उताराच्या रोखाने बाहेर काढावे. हे लिहायला सोपे आहे. दोनशे किलोंच्या गाडीशी हा व्यवहार एका सकाळीत चार वेळा झाला म्हणजे व्यायामशाळेत कमावलेले खांदेही गळून जातात, आणि थकलेला माणूस पाचव्या वेळी जी चूक करतो ती सहसा वाळू बुजवून निस्तरता येत नाही. म्हणून वाळूसाठी दीडशे-एकशेसाठ किलोंची हलकी गाडी ही त्या भारदस्त, पेट्यांनी लादलेल्या गाडीहून शतपटीने बरी. जड गाडीच न्यायची असेल तर सामान तंबूवर ठेवून रिकामी न्यावी. टायरात रस्त्यावर तीसेक पौंड असणारी हवा वाळूवर पंधरा पौंडांच्या आसपास उतरविली म्हणजे टायर पसरतो, जमिनीवर त्याचा ठसा लांब पडतो आणि चाक वाळू उपसण्याऐवजी तिच्यावरून जाऊ लागते. तेवढ्या हवेवर डांबरावर वेगाने जाणे धोक्याचे, म्हणून परतताना हवा भरायचा पंप जवळ हवा. हा पंप कॅमेऱ्याहून पुष्कळच स्वस्त मिळतो.

अंगचे कौशल्य शिकून येते, आणि ते उणे पडले तर बहुधा ज्याचे त्याचेच नुकसान होते. समूहाची शिस्त ही अधिक अवघड बाब आहे. मराठ्यांची फौज कूच करण्यापूर्वी बिनीवर कोण आणि चंदावलीला कोण हे ठरलेले असे, आणि चंदावल सांभाळणाऱ्याचा मान बिनीवाल्याहून उणा समजला जात नसे. आपल्या मंडळांत पुढे राहण्यासाठी चढाओढ असते आणि मागे राहण्याचे काम, ज्याला आजचे स्वार ‘स्वीप’ म्हणतात, ते ज्याला नाही म्हणता येत नाही अशा एखाद्या भिडस्ताच्या गळ्यात पडते. वास्तविक वाळूवर सर्वांत निष्णात स्वार मागे असला पाहिजे, कारण पडलेल्यांपाशी तोच पोहोचणार असतो. एका तुकडीत आठांहून अधिक गाड्या असू नयेत असे माझे मत आहे. वीस जण असतील तर तीन तुकड्या कराव्यात, तिन्हींचे म्होरके वेगळे असावेत आणि तिन्ही निराळ्या वेळी निघाव्यात. माथ्यावरून एका वेळी एकच गाडी जावी. गेलेल्याने पलीकडे बाजूला उभे राहून हात वर केल्याशिवाय पुढच्याने चढण घेऊ नये. आपल्या मागचा दिसेनासा झाला की आपण थांबावे, आणि हा नियम शेवटपासून पहिल्यापर्यंत सर्वांनी पाळावा, म्हणजे तुकडी आपोआप एकत्र राहते. याउपर एक अधिकार म्होरक्याकडे निःसंदिग्धपणे सोपविलेला असावा, तो म्हणजे ‘आज पुरे’ असे म्हणण्याचा. मित्रामित्रांत असा हुकूम चालवून घेणे जड जाते, हे खरे. परंतु ज्या मित्रांना एकाचा शब्द मानण्याची तयारी नाही त्यांनी महाबळेश्वरला जावे, तिथे रस्ता सर्वांना आपोआप एका ओळीत ठेवतो.

डाकार रॅलीची कथा अनेकांना ठाऊक असते. थिएरी साबीन हा फ्रेंच मोटरसायकलस्वार १९७७ मध्ये एका शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला, मरता मरता वाचला, आणि त्या अनुभवातून त्याने पॅरिसहून डाकारला जाणारी ती प्रसिद्ध शर्यत सुरू केली. आपल्याकडच्या तरुणांना त्या शर्यतीचे वेड लागले ते बंगळूरच्या सी. एस. संतोषमुळे, ती पुरी करणारा पहिला भारतीय तो, २०१५ साली. याच संतोषला २०२१ मध्ये, ही शर्यत सौदी अरेबियात भरली असताना, असा अपघात झाला की डॉक्टरांना त्याला काही काळ कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले. तिथे हेलिकॉप्टर दिमतीला होते, आणि डॉक्टरांचे पथक सज्ज होते. जैसलमेरात जिल्हा रुग्णालय आहे. त्याहून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जोधपूर गाठावे लागते, आणि ते सुमारे पावणेतीनशे किलोमीटर दूर आहे. समजा जैसलमेरजवळच्या खुरीच्या टेकडीत दुपारी चार वाजता एखाद्याचे मांडीचे हाड मोडले, तर त्याला वाळूतून सडकेवर, सडकेने जैसलमेरला आणि तिथून जोधपूरला नेईपर्यंत रात्र उलटून जाईल, आणि डिसेंबरातली तिथली रात्र कडाक्याची असते. म्हणून एक चारचाकी सदैव सडकेवर उभी असली पाहिजे, तिच्या चालकाने त्या दिवशी मोटरसायकल चालवायची नाही, इतकेच नव्हे तर जखमीला नेण्यावाचून तिथून हलायचेच नाही, असा त्याचा करार असला पाहिजे, आणि मोडलेले हाड बांधून स्थिर कसे करावे हे निदान दोघांना येत असले पाहिजे. शर्यत किंवा वेगाची चाचणी यांत झालेले नुकसान गाडीचा विमा साधारणपणे भरून देत नाही, तेव्हा विम्याची कलमे घरून निघण्यापूर्वी वाचावीत. मोबाइलची रेंज टेकड्यांच्या आत पुष्कळ ठिकाणी जाते; पण त्यावर उपाय म्हणून परदेशस्थ आप्ताकडून उपग्रह-फोन मागवून घेण्याचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो सोडून द्यावा. आपल्या देशात तसा फोन शासनाच्या परवान्यावाचून बाळगणे हा गुन्हा आहे, आणि सीमेच्या जिल्ह्यात तो पकडला जाणे म्हणजे सहलीचा उरलेला काळ पोलिस ठाण्यात जाणे.

इथवर जे सांगितले ते स्वतःच्या जिवाची काळजी असलेला माणूस आज ना उद्या शिकतोच. ज्या एका समजुतीपाशी मला अधिक वेळ थांबावेसे वाटते ती निराळी आहे, आणि ती सुशिक्षित मंडळींतही इतकी रुजलेली आहे की तिला कोणी समजूत म्हणून ओळखतही नाही: ती अशी की वाळू कोणाचीच नसते. शेतात गाडी घालू नये हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. गवताचा कुरणपट्टा दिसला तरी आपण क्षणभर थबकतो. वाळू दिसली की मात्र वाटते, हे रिकामेच पडले आहे. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरांचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान १९८० साली अधिसूचित झाले, आणि त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला आहे. बाकीचे गवताळ माळ, खडकाळ पठारे आणि गावे आहेत. या उद्यानाला बहुतेक ठिकाणी कुंपण नाही, कमान नाही, आणि जैसलमेरजवळच्या सम गावी पर्यटकांसाठी ठोकलेल्या तंबूंपासून दोन-चार टेकड्या ओलांडून भटकलेल्या स्वाराला आपण हद्दीच्या आत आहोत की बाहेर हे जमिनीकडे पाहून सांगता येणार नाही.

या माळांवर माळढोक राहतो. देशात आता उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आत मानली जाते, आणि त्यांतले बहुसंख्य इथेच आहेत. महाराष्ट्राला या पक्ष्याची ओळख करून द्यायची गरज नाही. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, आणि आपल्या डोळ्यांदेखत तो तिथून नाहीसा होत गेला. तो अंडे घालतो ते बहुधा एकच, आणि तेही उघड्या जमिनीवर. त्याचा विणीचा काळ उन्हाळा-पावसाळ्याचा असल्यामुळे डिसेंबरात गेलेल्या स्वाराला अंडे तुडविल्याचा दोष लागणार नाही, हे न्यायबुद्धीने कबूल केले पाहिजे. परंतु सायलेन्सर बदलून मुद्दाम कर्कश केलेली वीस यंत्रे संध्याकाळच्या चरण्याच्या वेळी त्या माळाच्या कडेने गेली तर तो लाजाळू पक्षी तिथे थांबत नाही, आणि थांबण्याजोग्या दुसऱ्या जागा त्याला फार थोड्या उरल्या आहेत.

‘आमच्या चाकांच्या खुणा रात्रीतून वारा पुसून टाकतो,’ असे उत्तर यावर हटकून मिळते, आणि हलत्या टेकडीच्या उघड्या माथ्यापुरते ते खरे आहे. मात्र थरमधल्या पुष्कळशा टेकड्या अशा हलत्या नाहीत. सेवण गवत, फोग, रुई यांच्या मुळांनी त्या जागच्या जागी धरून ठेवलेल्या आहेत, आणि जिथे निसर्गाला ते जमले नाही तिथे माणसांनी ते काम केले आहे. जोधपूरला वाळवंटात झाडे लावण्याचे केंद्र शासनाने १९५२ साली उघडले आणि १९५९ पासून तिथे कोरडवाहू प्रदेशाच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था काम करते आहे. झुडपांचे आडवे-उभे बांध घालून, त्यांच्या आडोशाला रोपे लावून, सरकत्या वाळूला शेतांवर आणि विहिरींवर चालून येऊ न देण्याची पद्धती तिथल्या शास्त्रज्ञांनी बसविली. असे धरून ठेवलेल्या टेकडीवरून पाच-पन्नास गाड्या गेल्या म्हणजे सेवणाचे बुंधे उखडतात, आणि वर्षाला पाऊस दोनशे मिलिमीटरांपर्यंतही न पोहोचणाऱ्या प्रदेशात उखडलेला बुंधा पुन्हा धरायला किती पावसाळे जातील याचा हिशेब मोहिमेच्या जमाखर्चात कोणी मांडत नाही. सेवण हा तिथल्या गाईंचा आणि मेंढ्यांचा मुख्य चारा आहे. वाऱ्याने खुणा पुसल्या म्हणून चारा परत येत नाही.

खडीनांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी जैसलमेरच्या भूमीत एक विलक्षण शेती उभी केली: खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी मातीचा लांब बांध घालून अडवायचे, ते जिरू द्यायचे, आणि दिवाळीच्या आगेमागे ओल धरलेल्या त्या सपाट जमिनीत गहू-हरभरा पेरायचा; पुढे पाऊस नाही पडला तरी त्या ओलीवर पीक उभे राहते. पेरणी नुकतीच झालेले खडीन परक्या माणसाला काय दिसते? टेकड्यांच्या मधोमध पसरलेली, सपाट, कडक, झाडझुडूप नसलेली, गाडी भरधाव सोडण्यासाठीच जणू निसर्गाने तयार केलेली जागा. तिथे गाडी घालणाऱ्याच्या मनात पाप नसते. त्याने कोणाला विचारलेले नसते एवढेच. ओरणांचेही असेच. आपल्याकडे जशा देवराया, तशी तिथे देवाच्या नावाने राखलेली गायराने, पाणवठ्यासह आणि खेजडीच्या झाडांसह. सरकारी दफ्तरात त्यांतल्या पुष्कळांची नोंद पडीक म्हणून झालेली आहे, आणि त्यामुळे वीजवाहिन्या व सौर प्रकल्प त्यांच्यावर चालून आले तेव्हा देगरायसारख्या ओरणांसाठी गावकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. मोठ्या कंपन्यांशी भांडणाऱ्या या लोकांनी आपल्या मोटरसायकलींशीही भांडावे ही अपेक्षा बाळगणे शोभादायक नाही.

सीमेचा आणि लष्कराचा विषय थोडक्यात आटपतो. पाकिस्तानच्या हद्दीलगतच्या पट्ट्यात बाहेरच्या माणसाला सडक सोडून हवे तिथे जाता येत नाही. अनेक ठिकाणी जिल्हा प्रशासनाची लेखी परवानगी लागते, आणि तनोटला देवीच्या दर्शनाला जाता येते म्हणून तनोटच्या आजूबाजूच्या वाळूत जाता येते असे नाही. पोकरण आणि चांदण इथे तोफांचा व विमानांचा गोळाबारीचा सराव चालतो. मोबाइलच्या नकाशावर दिसणारी एखादी पुसट पायवाट तिथे कुठे जाईल याची खात्री तो नकाशा देत नाही, आणि न फुटलेला गोळा वाळूत वर्षानुवर्षे पडून राहतो.

मग वाळूवर जाऊच नये काय? जावे; पण त्यासाठी आखून दिलेली जागा असावी, आणि ती आखण्याची मागणी स्वारांच्या मंडळांनीच पुढे होऊन करावी, असे मला वाटते. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत, इम्पीरियल सँड ड्यून्स नावाचा सुमारे चाळीस मैल लांबीचा वाळूपट्टा आहे. त्याचा उत्तरेकडचा भाग १९९४ च्या कायद्याने चाकांना संपूर्ण बंद झाला. दक्षिणेकडच्या भागात शुल्क भरून, परवाना घेऊन, माथ्यापलीकडून येणाऱ्याला दिसावे म्हणून गाडीला जमिनीपासून आठ फुटांवर निशाण लावून हवे तेवढे फिरता येते, आणि त्या मोकळ्या भागातही वाळूत उगवणाऱ्या एका दुर्मीळ वनस्पतीसाठी काही तुकडे राखून ठेवलेले आहेत. तिथल्या सुटीच्या दिवसांतली बेफाट गर्दी आणि दारू यांचे अनुकरण कोणी करू नये. हद्दीचे मात्र जरूर करावे. राजस्थान सरकारने उद्यानापासून, ओरणांपासून आणि खडीनांपासून दूर, उघड्या हलत्या वाळूचा एखादा पट्टा निवडावा, तिथे परवाना आणि शुल्क ठेवावे, आणि ते शुल्क पंचायतीला मिळावे. समच्या लोकांचे पोट आज पर्यटनावर चालते, आणि त्यांत उंटवाल्यांची स्थिती तर दिवसेंदिवस नाजूक होत आहे. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात उंट अवघे अडीच लाख भरले, मागच्या गणनेहून तृतीयांशाहूनही अधिक घटलेले. ज्या माणसाने जन्मभर त्या टेकड्यांतून उंट नेले त्याला वाळू कुठे घट्ट, कुठे पोकळ, खडीन कुठे सुरू होते, ओरणाची शीव कुठली, हे सर्व तोंडपाठ असते. त्याला रोजच्या चोख मजुरीवर वाटाड्या म्हणून चारचाकीत पुढे बसवावे, आणि त्याने हात आडवा केला तिथून तुकडीने वळावे; टी-शर्ट छापण्याच्या खर्चात त्याचे चार दिवसांचे वेतन सहज भागेल.

आणखी एक गोष्ट. जैसलमेरला जाण्यापूर्वी ‘वाळूचा सराव’ म्हणून कोकणच्या किनाऱ्यांवर गाड्या घालण्याची प्रथा पडू लागली आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत अंडी पुरून जातात, आणि स्थानिक मंडळी रात्र रात्र जागून ती राखतात. शिवाय भरतीच्या ओल्या वाळूवर शिकलेले कौशल्य कोरड्या टेकडीवर फारसे उपयोगी पडत नाही. सरावासाठी पुण्याच्या आसपास प्रशिक्षणाची खाजगी मैदाने आहेत. तिथे पैसे भरून शिकावे.

ज्यांच्या यंदाच्या तारखा ठरल्या आहेत त्यांनी तंबूंचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी जैसलमेरच्या वनविभागाला आणि जिल्हा प्रशासनाला पत्र लिहून कोणत्या टेकड्यांवर गाडी नेता येते ते लेखी विचारावे, हद्दीचा नकाशा मागून घ्यावा, वाटाड्या ठरवावा, आणि म्होरक्या कोण ते एकमताने मुक्रर करावे. ज्या मंडळाला एवढे करायला सवड नसेल त्याने गाड्या जैसलमेरच्या बाजारात लावून किल्ला पाहावा, आणि सडकेनेच परत यावे.